‘भिंत जाड’ लिहिण्याआधी

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी मोजताना काय चुकतं, ते सांगतो. खोलीत अंधार, पेशंट डाव्या कुशीवर, जेली. हे सांगत बसत नाही. उंची-वजन मात्र काट्यावर घ्या, "किती असेल अंदाजे?" विचारून नको. ईसीजीच्या तीन वायरीही लावाच, बाहेर वीस माणसं ताटकळत असली तरी. त्या नसल्या की हृदय पूर्ण सैल झाल्याचा क्षण नेमका सापडत नाही. आकुंचनातली फ्रेम पकडून मोजलंत तर कुणाचीही भिंत जाडच भरणार.

आता मी जे विसरलो ते. उजव्या बाजूचा बँड.

लाँग ॲक्सिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या उभ्या छेदात, सेप्टमच्या (दोन कप्प्यांमधल्या भिंतीच्या) उजव्या अंगाला उजव्या कप्प्यातला स्नायूचा पट्टा येतो, मॉडरेटर बँड आणि त्याचं मूळ. तो असा चिकटून पडलेला असतो की दोन्ही मिळून एकच जाड भिंत वाटते. चार वर्षांपूर्वी खानापूरकडचा एक पोरगा आला होता, भरतीसाठी रोज पहाटे पळणारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे अशी पोरं आमच्याकडे पुष्कळ. गावच्या डॉक्टरांना मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू आला म्हणून पाठवलेला. मी कॅलिपर, म्हणजे पडद्यावरची मोजपट्टी, पट्ट्यासकट टाकला. 16 मिलिमीटर. रिपोर्टात ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीची शक्यता’ असं गेलं, म्हणजे हृदयाचा स्नायूच जाड होण्याचा आजार. बाहेर वडील विचारत होते, "आता ह्याला पळू दे का नको, सर?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. पळणं बंद झालं. आठ महिन्यांनी दुसरीकडे एमआरआय झाला, तर सेप्टम 10. तोवर भरतीचं वय निघून गेलं होतं.

म्हणून सांगतो, फ्रीझ करून लगेच मोजू नका. क्लिप सावकाश, एकेक फ्रेम पुढे सरकवा. बँड सेप्टमपेक्षा वेगळा हलतो, मध्ये रक्ताची बारीक काळी रेघ उघडते आणि मिटते. ती दिसली की कॅलिपर रेघेच्या अलीकडे, सेप्टमच्या बाजूला. मग शॉर्ट ॲक्सिस (आडवा छेद) लावा आणि तोच आकडा तिथे येतो का बघा. एकाच व्ह्यूमध्ये जाड आणि दुसऱ्यात बरोबर असेल तर आधी बँडवर संशय घ्या, पेशंटवर नंतर.

मोजायची जागा मायट्रल झडपेच्या पाकळ्यांच्या टोकांशी, आणि कॅलिपर भिंतीला काटकोनात. ऊस तिरका तोडला की काप लांबट होतो, तसंच इथे. एम-मोडची (एकाच रेषेवर मोजायची) रेघ तिरकी बसत असेल तर तो आकडा सोडून द्या, टूडीवर, म्हणजे पूर्ण चित्रावर, मोजा. मागच्या भिंतीत पॅपिलरी (झडपेला धरून ठेवणारे) स्नायू धरू नका. डाव्या कप्प्यात सेप्टमला लागून फॉल्स टेंडन (कप्प्यातली दोरीसारखी पट्टी) असेल तर तोही बाहेर. आणि उजवीकडे बँड. परत सांगतोय, कारण उरलेलं सगळं मला तेव्हाही येत होतं.

प्रोब हातात घेण्याआधी विचारायच्या गोष्टी दोन. पहिली बीपी. "बीपी आहे?" "नाही." "गोळी घेता?" "घेतो की, म्हणून तर नाही." हा संवाद आठवड्यातून चारदा होतो. सोबत आलेल्या माणसाला गोळ्यांची पिशवी उघडायला सांगा आणि बीपी स्वतः मोजा. कानडी पेशंट असेल तर ‘गुळिगी’ एवढा शब्द आला तरी काम भागतं. कित्येक वर्षांच्या बीपीने जाड झालेली भिंत आणि आजाराने जाड झालेली भिंत पडद्यावर सारखीच दिसू शकते, फरक पिशवीत सापडतो. अरुंद झालेली एओर्टिक (महाधमनीच्या तोंडाची) झडपही भिंत जाड करते, ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी गोष्ट घरची. कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का? हा आजार बहुतेक वेळा आनुवंशिक असतो आणि आई-बापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

जुना ईसीजी मागून घ्या. भिंत जाड आणि ईसीजीतल्या लाटा मात्र बारीक, पेशंट वयस्क, असं असेल तर अमायलॉइड (हृदयात साचणारं प्रथिन) डोक्यात आलं पाहिजे. छातीच्या लीड्समध्ये ‘टी’ लाट खोल उलटी असेल तर हृदयाचं टोक नीट बघा. टोकालाच जाडी असलेला प्रकार 1970 च्या दशकात जपानी डॉक्टरांनी वर्णन केला, आणि प्रोब जरा वर राहिला की तो आजही निसटतो.

तालमीतले पैलवान, पळणारी पोरं: भिंत 12-13 पर्यंत जाऊ शकते, पण सोबत कप्पाही मोठा होतो. आजारात तो बहुधा लहानच राहतो. शंका असेल तर तीन महिने व्यायाम थांबवून परत इको. सत्तरीतल्या आजींचा सेप्टम महाधमनीखाली फुगलेला दिसतो, तो वयाचा बाक आहे. फुगवटा वेगळा लिहा. पेशंट जुलाब-उलट्यांनी सुकून आलेला असेल तर रिकाम्या कप्प्याभोवती भिंत उगाच जाड दिसते. पाणी भरल्यावर परत बोलवा.

ग्रेडियंट, म्हणजे डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेतला दाबाचा फरक. नुसता पडून नको, वल्साल्वा (श्वास रोखून जोर) करायला लावा. 30 mmHg च्या वर गेला तर लिहा.

रिपोर्टात आकडा, जागा, कुठल्या व्ह्यूमध्ये, चित्र किती स्पष्ट होतं. मोठ्या माणसात दुसरं कारण नसताना 15 मिलिमीटर किंवा जास्त असेल तरच त्या आजाराचं नाव. 13-14 असेल तर घरी आजार आहे का यावर ठरतं. चित्र अस्पष्ट असेल तर ‘एमआरआय करावा’ लिहा, अंदाज नको.

डॉक्टरांच्या सहीला पाठवण्याआधी लाँग ॲक्सिसची क्लिप परत चालवा, उजव्या बाजूला बँड आहे का बघा, मगच पेशंटला टिश्यू देऊन उठवा. कारण तो एकदा शर्ट घालून बसस्टँडला गेला की परत येत नाही.