बारपासून पिनपर्यंत: टॅलीमध्ये कच्च्या मालाच्या वापराची नोंद

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान मशीनशॉपमध्ये खरेदी आणि विक्रीची बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेवर चढतात. मात्र स्टोअरमधून निघालेला लोखंडी बार मशीनवर जाऊन त्याचे नग कसे झाले, याची नोंद बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस एकाच आकड्याने उरकली जाते. जीएसटी नियमावलीचा नियम ५६(१२) उत्पादकाकडून दरमहाचा उत्पादन-हिशेब मागतो. वापरलेला कच्चा माल, तयार झालेला माल, टाकाऊ माल आणि उपउत्पादने यांचे परिमाण त्यात दाखवावे लागते. पण माझ्या मते कायद्याहून मोठे कारण असे की, ज्या कारखान्याला एका नगामागे किती किलो लोखंड गेले हे सांगता येत नाही, त्याने ग्राहकाला दिलेला दर अंदाजाचाच असतो.

पुढील पद्धत टॅलीप्राइम या टॅलीच्या आवृत्तीसाठी आहे. उदाहरण म्हणून ४० मिमी व्यासाच्या गोल बारपासून, बार फीडर (बार आपोआप पुढे सरकवणारे साधन) लावलेल्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर तयार होणारी एक पिन घेऊ.

संगणकाकडे वळण्यापूर्वी वजनाचे गणित कागदावर मांडावे. गोल लोखंडी बारचा मिलिमीटरमधला व्यास घेऊन त्याच्या वर्गाला १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते. ४० मिमीसाठी ते ९.८८ किलो येते, म्हणजे ३ मीटरचा बार सुमारे २९.६३ किलोचा. पिनची लांबी ९६ मिमी, फेसिंगसाठी (टोक सपाट करण्यासाठी) १ मिमी आणि नग कापून वेगळा करणाऱ्या पार्टिंग टूलची रुंदी ३ मिमी धरली, तर प्रत्येक नगाला १०० मिमी बार लागतो. शेवटचे १०० मिमी बार पकडणाऱ्या चकमध्येच अडकून राहत असल्याने एका बारमधून ३० नव्हे, तर २९ नग निघतात. त्यामुळे १०० नगांसाठी १०२.२ किलो बार लागेल. पिनचे प्रत्यक्ष वजन ७०० ग्रॅम भरले, तर त्यातले ७० किलो तयार मालात जातात, २८.८ किलोचा कीस (कापताना निघणारा लोखंडाचा चुरा) होतो आणि ३.४ किलो एंड पीसमध्ये, म्हणजे चकमध्ये उरलेल्या तुकड्यांत राहतात. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. सूत्राने काढलेले वजनही दोन-तीन बार काट्यावर ठेवून पडताळावे, कारण पुरवठादार पैसे वजनावर घेतो आणि बारचा व्यास नेहमी नेमका ४० मिमी असतोच असे नाही.

आता टॅलीत बार, पिन, कीस आणि एंड पीस असे चार वेगळे स्टॉक आयटम तयार करावेत. बारचे मूळ एकक किलो ठेवून पर्यायी एकक नग द्यावे, म्हणजे स्टोअरवाला बार मोजतो आणि हिशेबनीस किलो लिहितो यातून होणारा घोळ टळतो. पिनच्या आयटममध्ये एफ१२ ही कळ दाबून घटकांच्या यादीचा, म्हणजे बिल ऑफ मटेरियलचा पर्याय चालू करावा, तसेच घटकाचा प्रकार ठरवण्याची सोयही सुरू करावी. उत्पादनाचे एकक १०० नग ठेवून बार १०२.२ किलो हा घटक म्हणून, तर कीस २८.८ किलो आणि एंड पीस ३.४ किलो हे स्क्रॅप म्हणून भरावेत. एका नगासाठी यादी केली तर दशांशातले छोटे फरक महिन्याच्या उत्पादनात मोठे होतात, म्हणून शंभराचे एकक सोयीचे.

हीच पिन बार फीडर नसलेल्या मशीनवर एक-एक मीटरचे तुकडे करून काढली, तर प्रत्येक तुकड्यातून ९ नग निघतात आणि १०० मिमी वाया जातात. करवतीच्या कापात जाणारे लोखंड सोडले तरी १०० नगांना १०९.७ किलो बार लागतो. टॅलीत एका आयटमला एकाहून अधिक बिल ऑफ मटेरियल देता येतात. ‘बार फीडर’ आणि ‘कटपीस’ अशा नावांनी दोन याद्या ठेवाव्यात. दोन्हींची सरासरी काढून एकच यादी करण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण मग कोणत्या मशीनने जास्त लोखंड खाल्ले हे कधीच समजत नाही.

त्यानंतर व्हाउचर (नोंद) प्रकारांमध्ये स्टॉक जर्नलच्या, म्हणजे साठ्याच्या हालचालीच्या नोंदीच्या अंतर्गत नवा प्रकार तयार करून त्याचा मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) म्हणून वापर करण्याच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणावे. नोंद करताना पिनचे नाव, लागू असलेली यादी, गोडाऊन (टॅलीत माल ठेवण्याची जागा) आणि तयार नगांची संख्या दिली की घटक आणि स्क्रॅप यांचे आकडे टॅली स्वतःच भरते. इथेच सर्वाधिक काळजी घ्यावी लागते, कारण ते आकडे यादीप्रमाणे काय लागायला हवे होते एवढेच सांगतात. प्रत्यक्षात काय लागले हे शॉप फ्लोअरवरून, म्हणजे मशीन चालतात त्या जागेवरूनच कळते.

समजा, एका दिवशी १० बार, म्हणजे २९६.३ किलो माल मशीनवर गेला, २९० नग निघाले आणि त्यातले ३ तपासणीत बाद झाले. नोंदीत २८७ चांगले नग लिहिताच टॅली बारचा वापर २९३.३ किलो दाखवेल. तो तसाच स्वीकारला, तर ३ किलो लोखंड वहीत शिल्लक दिसेल आणि स्टोअरमध्ये नसेल. २५ दिवसांत हा फरक ७५ किलोंवर जातो, आणि महिनाअखेरीस मोजणीत तूट आली की संशय स्टोअरच्या माणसावर जातो. एका प्रामाणिक स्टोअरकीपरला केवळ अशा नोंदींमुळे महिनोन्महिने उत्तरे देत राहावे लागल्याचे मी पाहिले आहे. म्हणून बारचा आकडा पुसून तिथे २९६.३ लिहावा, आणि बाद झालेल्या तीन पिनांचे २.१ किलो वजन भंगारात धरावे. कीस तोलण्यापूर्वी त्यातले कूलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडलेला द्रव) पूर्ण निथळू द्यावे, नाहीतर वजन फुगते आणि बेरीज जुळत नाही.

स्क्रॅपला लावलेला दर तयार मालाच्या खर्चातून वजा होतो, म्हणून तो अलीकडच्या भंगारविक्रीच्या दराशी सुसंगत ठेवावा. व्हाउचरच्या तळाशी अतिरिक्त खर्चाची जागा असते. तिथे वीज, मजुरी यांचा वाटा देता येतो आणि एका नगाचा परिणामी दर लगेच दिसतो.

सेटिंग चुकल्यामुळे एखाद्या पाळीत ४० नग भंगारात गेले, तर तो वापर नेहमीच्या उत्पादनात मिसळू नये. लेखा मानक २ नुसार असाधारण नासाडी मालसाठ्याच्या किमतीत धरता येत नाही. अशा वेळी वेगळे स्टॉक जर्नल करून एका बाजूला गेलेला बार आणि दुसऱ्या बाजूला मिळालेले भंगार दाखवावे, आणि खुलाशाच्या ओळीत पाळी, मशीन व कारण लिहावे.

गोडाऊन किमान चार असावेत: कच्चा माल, शॉप फ्लोअर, तयार माल आणि जॉब वर्करकडचा (बाहेर मजुरीवर काम करून देणाऱ्याकडचा) माल. बार स्टोअरमधून मशीनवर जातो तेव्हा तो फक्त जागा बदलतो, वापरला जात नाही. म्हणून ती हालचाल साध्या स्टॉक जर्नलने दाखवावी आणि वापराची नोंद शॉप फ्लोअरच्या गोडाऊनमधून करावी. हार्डनिंग (कठीण करणे) किंवा प्लेटिंगसाठी (मुलामा देण्यासाठी) बाहेर जाणाऱ्या पिना मटेरियल आउट आणि मटेरियल इन व्हाउचरने नोंदवाव्यात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉब वर्कला दिलेला माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो, त्यामुळे डिलिव्हरी चलनाचा क्रमांक आणि तारीख व्हाउचरवर असलीच पाहिजे. ग्राहकाने स्वतःचा बार देऊन केवळ मजुरीवर काम दिले असेल, तर तो माल आपल्या बारच्या साठ्यात कधीही मिसळू नये. त्याला वेगळे गोडाऊन द्यावे आणि त्याचे मूल्य आपल्या साठ्यात धरू नये.

कूलंट, इन्सर्ट (हत्याराची बदलता येणारी धार) आणि पुसायचे कापड यादीत घालण्याचा आग्रह धरू नये. एका पिनेला किती इन्सर्ट लागले हे कोणी मोजत नाही, आणि न मोजलेला आकडा यादीत आला की बाकीच्या मोजलेल्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. या वस्तूंचा महिन्याचा खप स्टोअरमधून वेगळा काढावा.

व्हाउचरच्या एफ१२ मध्ये ऋण साठ्याचा इशारा चालू ठेवावा. बार आला, मशीनवर गेला आणि बिल मात्र चार दिवसांनी चढले, तर मधल्या नोंदींत साठा शून्याखाली जातो आणि वापराचा दर बिघडतो. तसा इशारा आला तर नोंद रेटून न नेता आधी खरेदी चढवावी. मागच्या तारखेच्या दुरुस्त्या कमीत कमी ठेवण्यास आणखी एक कारण आहे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे.

महिनाअखेरीस शॉप फ्लोअरवरचे उरलेले बार प्रत्यक्ष तोलावेत आणि फिजिकल स्टॉक व्हाउचर (प्रत्यक्ष मोजणीची नोंद) करण्यापूर्वी फरकाचे कारण शोधावे. माल हरवला, चोरीला गेला किंवा निर्लेखित केला, तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार त्यावरचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणून खरी प्रक्रियेतली घट आणि हरवलेला माल एकाच आकड्यात दडपता येत नाही. फरक सलग दोन-तीन महिने एकाच दिशेने येत असेल, तर चूक बहुधा यादीत असते: पार्टिंग टूल ३ ऐवजी ४ मिमीचे लागले असेल किंवा चकमध्ये राहणारा तुकडा लांबला असेल. अशा वेळी जुनी यादी न बदलता नव्या नावाने दुसरी यादी करावी आणि तिच्या नावातच लागू झालेला महिना लिहावा.