अ‍ॅनिमेत ‘काहीच घडत नाही’ म्हणून सोडून देताय? आधी या चुका टाळा

व्हिनलँड सागा या जपानी अ‍ॅनिमेचा (म्हणजे कार्टून मालिकेचा) दुसरा सीझन मी दोनदा अर्धवट सोडलाय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी फार शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको. पहिल्या सीझनमध्ये व्हायकिंग, जहाजं, कुऱ्हाडी, मुंडकी उडतायत, आणि दुसऱ्यात काय तर दोन गुलाम झाडं तोडतायत, बुंधे उपटतायत, गहू पेरतायत. तिसऱ्याच एपिसोडला मी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं की हे काय कृषी खात्याची डॉक्युमेंटरी लावलीये का. हसणारे इमोजी भरपूर आले. आज तोच सीझन माझा सगळ्यात आवडता आहे आणि ती पोरं त्या मेसेजचा स्क्रीनशॉट अजून मला पाठवतात.

तर कॅरॅक्टर-ड्रिव्हन म्हणतात तसल्या गोष्टी, म्हणजे माणूस जसा आहे त्यातूनच गोष्ट पुढे सरकते अशा, त्या बघताना आपण काय काय गडबडी करतो त्याबद्दल हे. बऱ्याचशा माझ्याच आहेत, थोड्या आजूबाजूच्या पब्लिकच्या. स्पॉयलर आहेत, पण जपून टाकलेत.

‘पुढे काय होणार’ एवढंच विचारत बसणं

बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात. आपण मारामारीवाले शोनेन (म्हणजे पोरांसाठीचे अ‍ॅनिमे) बघत मोठे झालो, तिथे एपिसोड संपला की हिशोब ठरलेला असतो, कोण जिंकलं, कोणाला नवी पॉवर मिळाली, पुढचा व्हिलन कोण. हाच हिशोब व्हिनलँड सागातल्या शेतावरच्या आर्कला, म्हणजे गोष्टीच्या त्या टप्प्याला लावला की उत्तर शून्य येतं.

पण या सिरीजचा हिरो थॉर्फिन बघा ना. पहिल्या २४ एपिसोडमध्ये त्याच्या डोक्यात एकच गोष्ट, बापाला मारणाऱ्या अ‍ॅस्केलाडला द्वंद्वात हरवून मारायचं, आणि ती संधी मिळावी म्हणून हा त्याच माणसाच्या टोळीत राहून त्याच्यासाठी माणसं मारत सुटतो. मग ते जगण्याचं कारणच हातातून जातं. दुसऱ्या सीझनमध्ये केटिल नावाच्या मालकाच्या शेतावर गुलाम म्हणून जो दिसतो तो अगदी रिकामा पोरगा आहे, शेजारी काम करणारा एइनार काही विचारतो तर नीट उत्तर नाही, रात्री किंचाळत उठतो आणि स्वप्न काय पडलं तेही आठवत नाही. मी पहिल्यांदा बघताना फक्त शेतीची कामं मोजत होतो. आज झाड पाडलं, उद्या बुंधा काढला, परवा परत झाड.

तिसऱ्या वेळी बघताना एका साध्या प्रसंगावर अडकलो. बुंधे ओढायला घोडा पाहिजे आणि घोडा काही मिळत नाही. मग हे दोघं स्वेर्केल नावाच्या म्हाताऱ्याकडे त्याची कामं करतात आणि त्या बदल्यात त्याचा घोडा आणि नांगर वापरायला मिळतो. बस, एवढंच. पण पहिल्या सीझनमधल्या थॉर्फिनला घोडा हवा असता तर त्याने मालकाच्या गळ्याला सुरी लावली असती आणि आपल्याला त्यात काही वावगंही वाटलं नसतं! तो पोरगा आता पाणी भरतोय, मोबदल्यात काहीतरी मागतोय. कोणी भाषण देत नाही, म्युझिक चढत नाही, आणि मी दोन वेळा इथूनच फोन बघत पुढे गेलो होतो.

लेखक माकोतो युकिमुराने तर इशाराही देऊन ठेवलाय. पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडचं नाव काय, तर ‘प्रस्तावनेचा शेवट’. म्हणजे तेवढं सगळं रक्त प्रस्तावना होती, आणि आपण प्रस्तावनेच्या प्रेमात पडून पुस्तक बंद करतोय. मांगा (म्हणजे ज्या जपानी कॉमिकवरून हे बनलं ते) २००५ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये संपला, वीस वर्षं त्याने हा एक माणूस धरून ठेवला.

उपाय म्हणाल तर मी एक सवय लावून घेतलीये. एपिसोड संपला की विचारायचं, आज या माणसाने असं काय केलं जे तो मागच्या महिन्यात करू शकला नसता? उत्तर ‘काही नाही’ असं सलग पाच-सहा एपिसोड आलं तर खुशाल ड्रॉप करा, मग ती सिरीजच बोअर आहे. तीन एपिसोड बघून निकाल लावायचा नियम मात्र इथे चालत नाही.

फिलर समजून उड्या मारणं

मॉन्स्टरचे ७४ एपिसोड आहेत आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं की यातले कुठले स्किप करू. अरे, कुठलेच नको. नारुतोच्या पहिल्या सिरीजमध्ये २२० पैकी १३६ पासून पुढचे जवळपास सगळे एपिसोड मांगात नाहीत, त्याला फिलर म्हणतात, तिथे मारा उड्या. मॉन्स्टरमध्ये डॉक्टर टेन्मा मधे मधे दिसतच नाही, आणि आपण रिचर्ड ब्राउन नावाच्या, दारूच्या व्यसनातून बाहेर पडू बघणाऱ्या माजी पोलिसाबरोबर फिरत राहतो, तेव्हा वाटतं गोष्ट भरकटली. पण टेन्माने डुसेलडॉर्फमध्ये महापौराचं ऑपरेशन सोडून आधी आलेल्या पोराला (हाच पुढे खुनी निघणारा योहान) वाचवलं, का तर सगळे जीव सारखे. हे वाक्य खरं की खोटं ते तपासायचं तर असे बाजूचे जीव दाखवावेच लागतात ना? सगळी सिरीज टेन्मा-योहान पकडापकडी असती तर त्या पहिल्या ऑपरेशनला काही वजनच राहिलं नसतं.

दीडच्या स्पीडने बघणं

हो, मी पण. ऑफिसहून येऊन एका रात्रीत सहा एपिसोड उडवायचे म्हणजे दुसरा मार्ग काय.

सांगात्सु नो लायन म्हणजे मार्च कम्स इन लाइक अ लायन, चिका उमिनोचा मांगा, अ‍ॅनिमे शाफ्ट स्टुडिओचा, २०१६ पासून दोन सीझन, प्रत्येकी २२ एपिसोड. पहिल्या एपिसोडच्या सुरुवातीला कितीतरी वेळ जवळजवळ कोणी बोलतच नाही. रेई किरियामा, १७ वर्षांचा, शोगीचा (जपानी बुद्धिबळाचा) प्रोफेशनल खेळाडू, एकटाच राहतो, घरात सामान जवळपास नाही, उठतो, नदीवरून चालत जातो, एका मोठ्या माणसाबरोबर डाव खेळतो आणि जिंकतो. दीडच्या स्पीडने मला वाटलं, बरं, पोरगा हुशार आहे, पुढे. तो समोरचा माणूस म्हणजे ज्याने आईबाप गेल्यावर याला घरी नेऊन वाढवलं तो कोदा, हे लक्षात यायला मला पुढचा बराच वेळ लागला. म्हणजे सिरीजची पहिलीच मॅच बापाला हरवायची आहे आणि पोरगा जिंकूनही का असा मेल्यासारखा बसलाय हे पळवण्याच्या नादात मी बघितलंच नव्हतं.

शांतता पळवली की ती फक्त रिकामी जागा दिसते. मांगात हे उलट होतं, तिथे स्पीड आपल्याच हातात असतो आणि आपण फक्त संवादांचे फुगे वाचत सुटतो, ज्या पानावर शब्दच नाहीत ते अर्ध्या सेकंदात उलटतो. काढणाऱ्याने त्या एका पानावर किती तास घातले असतील देव जाणे. (आणि नवीन असाल तर उजवीकडून डावीकडे वाचा रे बाबांनो, पॅनेल म्हणजे चित्रांच्या चौकटीसुद्धा आणि त्यांच्यातले फुगेसुद्धा. एका मित्राने अख्खा व्हॉल्यूम उलटा वाचून ‘नॉन-लिनिअर आहे, भारी आहे’ असा रिव्ह्यू दिला होता.)

शोगी येत नाही म्हणून ही सिरीज टाळणारेही भेटतात. गरज नाही. आपल्या बुद्धिबळासारखाच प्रकार, ९ बाय ९ चा पट, फक्त मारलेली सोंगटी मारणाऱ्याची होते आणि तो ती आपल्या बाजूने परत पटावर उतरवू शकतो. एवढं कळलं तरी पुरे. एक गंमत सांगतो, गोष्टीतला रेई हा मिडल स्कूलमध्ये (आपली सातवी ते नववी) असतानाच प्रो झालेला इतिहासातला पाचवा खेळाडू आहे, आणि अ‍ॅनिमे सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, १ ऑक्टोबर २०१६ ला, सोता फुजी नावाचा १४ वर्षांचा मुलगा खरोखरचा पाचवा झाला. हे लिहून घडवता आलं नसतं.

‘हिरो रडका आहे’

इव्हँगेलियन या रोबोटवाल्या सिरीजच्या हिरोला, शिंजीला जेवढ्या शिव्या पडल्यात तेवढ्या कुठल्या व्हिलनलाही पडल्या नसतील. गप रोबोटमध्ये बस म्हणे. अरे पोरगा १४ वर्षांचा आहे, बापाने लहानपणीच टाकून दिलंय, वर्षानुवर्षांनी बोलावलं तेही यात बसून मर म्हणून. आपल्या ओळखीतलं नववीतलं पोरगं आठवा आणि सांगा ते कसं वागलं असतं.

घोळ असा आहे की हिरो म्हणजे आपल्याला जे व्हायला आवडेल ते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या गोष्टी बऱ्याचदा आपण जे आहोत आणि असायला नको होतं तेच दाखवतात, त्यामुळे राग येणं तर साहजिकच आहे. राग आला की चॅनल बदलू नका, एवढंच. मला शिंजीपेक्षा रेईचा जास्त राग यायचा, कोणी जेवायला बोलावलं तरी हा तोंड पाडून विचार करत बसणार की आपण त्यांना ओझं तर नाही ना. मग एक दिवस कळलं की होस्टेलला असताना मी मावशीकडे रविवारी जायचं टाळायचो ते नेमकं याच कारणाने. नंतर काही राग आला नाही.

दुःखी फ्लॅशबॅक म्हणजे डेप्थ असं समजणं

ही चूक बघणारे आणि लिहिणारे दोघंही करतात. मरायच्या आधी व्हिलनचं बालपण दाखवायचं, पाऊस, मेलेली आई, पियानो, आणि कमेंटमध्ये लोक ढसाढसा. मला नाही पटत. भूतकाळ कळला पण त्याने आज वागण्यात फरक पडत नसेल तर ती फक्त माहिती झाली.

फ्रीरेनमध्ये फ्लॅशबॅक बघा, बहुतेक वेळा मिनिटभराचे, आणि कधी येतात तर काहीतरी फालतू काम चालू असताना. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, हिम्मेल वगैरे साथीदारांबरोबर दहा वर्षं फिरली, मग पन्नास वर्षांनी परत आली तर तो म्हातारा झालेला, आणि त्याच्या अंत्यविधीला हिला रडू फुटतं की दहा वर्षांत या माणसाला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. त्यानंतर ती एका निळ्या फुलासाठी महिनोन् महिने रान धुंडाळते, का तर ते त्याच्या गावचं फूल होतं आणि तो एकदा त्याबद्दल बोलला होता. तिची शिष्या फर्न, तिला कळत नाही ही एवढी का हटून बसलीये. आपल्याला कळतं.

चांगला-वाईट अशी वाटणी, आणि सबटायटलवर आंधळा भरोसा

अ सायलेंट व्हॉइस हा सिनेमा बघून झाला की वाद ठरलेला, शोयाला माफ करायला हवं होतं का, आणि त्याच्या वर्गातली उएनो किती नालायक. सहावीतला शोया ऐकू न येणाऱ्या शोकोची श्रवणयंत्रं तोडतो, हे विसरायचं नाहीच. पण नुसता निकाल देऊन मोकळं व्हायचं तर दोन तास बघितलं कशाला? फक्त सिनेमा बघून उएनोवर बोलणाऱ्यांनी योशितोकी ओइमाचा मांगा वाचा, सातच व्हॉल्यूम आहेत, त्यात बाकीच्या मित्रांना सिनेमापेक्षा कितीतरी जास्त जागा आहे.

त्यातच तो सीन आहे, शोको हातवारे सोडून आवाजाने सांगायचा प्रयत्न करते, ‘सुकी’ म्हणजे आवडतोस, आणि याला ऐकू येतं ‘त्सुकी’ म्हणजे चंद्र, म्हणून हा म्हणतो हो, छान दिसतोय चंद्र. नुसतं सबटायटल वाचलं तर हा पोरगा ठार बावळट वाटतो. कानाने ऐका, त्याची चूक का झाली ते कळेल.

कोण कोणाला काय हाक मारतं तेही सबटायटलमध्ये बऱ्याचदा उडतं. आपल्याला तरी हे समजावून सांगायची गरज नसावी, अहोवरून अरेवर कधी आलो यावर आपल्याकडे अख्ख्या घरात चर्चा होते.

चुकीचं व्हर्जन

हे पटकन. फ्रुट्स बास्केट हा अ‍ॅनिमे २००१ चा लावू नका, तेव्हा मांगा चालूच होता त्यामुळे २६ एपिसोडमध्ये कसंतरी आटपलंय. २०१९ ते २०२१ चा लावा, ६३ एपिसोड, पूर्ण गोष्ट.

‘खूप डीप आहे, तू रडशील’ असं सांगून गळ्यात मारणं

मी मावसभावाला सांगात्सु असाच विकायचा प्रयत्न केला. डिप्रेशनवर आहे, मास्टरपीस आहे, बघच. त्याने दोन एपिसोडनंतर विचारलं की रडायचं नेमकं कधी आहे. ज्याला रडण्याची वाट बघायला लावलंय तो बाकी काही बघतच नाही.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. मी बघत होतो, ती कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि स्क्रीनवर रेईला जेवायला बोलावणाऱ्या त्या तीन कावामोतो बहिणींच्या घरी करी शिजत होती. ‘हा पोरगा रोज यांच्याकडेच जेवतो का, घरी कोणी नाही का त्याला?’ झालं, बसली. इंग्लिश सबटायटल तिला झेपत नाहीत म्हणून मी शेजारी बसून तोंडी मराठी करतो, आणि धाकट्या दोघी त्याला ‘रेई-चान’ म्हणतात त्याचं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही, रेईदादा म्हटलं तर आई म्हणते त्या दादा म्हणत नाहीयेत, लाडाने म्हणतायत. सध्या आम्ही दुसऱ्या सीझनमध्ये मधली बहीण हिना हिच्या शाळेच्या भागात आहोत. तिच्या वर्गशिक्षिकेवर आई भयंकर चिडलेली आहे, आणि ती नसताना पुढचा एपिसोड लावायचा नाही अशी मला ताकीद आहे.