फुप्फुसधमनीचे अरुंदपण कॅथेटरने कसे तपासावे

विल्यम्स किंवा अलाजील सिंड्रोम (जनुकीय विकार) असलेल्या, आईला गरोदरपणी रुबेला झालेल्या आणि फॅलोज टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांमध्ये फुप्फुसधमन्यांचे (हृदयातून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांचे) अरुंदपण आवर्जून शोधावे लागते. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मुख्य धमनी आणि तिच्या दोन शाखांचा आरंभ दिसतो. फुप्फुसात शिरलेल्या फांद्या मात्र दिसत नाहीत. त्यामुळे शक्यतो सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) हाती असतानाच रुग्णाला कॅथलॅबमध्ये (कॅथेटर म्हणजे बारीक नळी रक्तवाहिनीतून घालून तपासणी करतात त्या खोलीत) घ्यावे.

डाय (क्ष-किरण चित्रात रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडायचे द्रव्य) दिल्याने दाब बदलतात, म्हणून दाब आधी मोजावेत. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारे उपकरण) छातीच्या मध्यावर धरून शून्य करावा. जांघेतील शिरेतून घातलेली नळी हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन्ही कप्प्यांतून धमनीच्या दूरच्या फांदीपर्यंत न्यावी आणि दाबाची नोंद चालू ठेवून सावकाश मागे ओढावी. धमनीतला वरचा दाब साधारण 15 ते 30 मिमी पारा असतो. फांदीत 20 असलेला दाब मुख्य धमनीत येताच 60 झाला, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. दाब उजव्या खालच्या कप्प्यात उतरतानाच वाढला, तर दोष झडपेत किंवा तिच्या अगदी जवळ असतो.

केवळ दाबाच्या या फरकावर निदान करू नये. एकच शाखा अरुंद असेल तर रक्त दुसऱ्या फुप्फुसाकडे वळते आणि अडथळा गंभीर असूनही फरक किरकोळ दिसतो. अशा वेळी परफ्युजन स्कॅन (प्रत्येक फुप्फुसाकडे किती रक्त जाते ते मोजणारी तपासणी) खरे चित्र दाखवतो: एरवी उजव्या फुप्फुसाकडे सुमारे 55 टक्के रक्त जाते, आणि एखाद्या बाजूचा वाटा 35 टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली घसरला असेल तर ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. याउलट बारीक जागेत अडकलेली नळी स्वतःच अडथळा होऊन फरक फुगवते. दोन्ही बाजू अरुंद असतील तर उजव्या खालच्या कप्प्याचा दाब त्याच वेळच्या महाधमनीच्या दाबाशी ताडून पाहावा. तो निम्म्याहून अधिक असणे ही उपचाराचा विचार करण्याजोगी स्थिती आहे.

त्यानंतर प्रत्येक शाखेत वेगळा डाय सोडावा. समोरून पाहताना शाखांचे आरंभ एकमेकांवर येतात, त्यामुळे कॅमेरा डोक्याकडे कलवून आणि बाजूनेही चित्रे घ्यावीत. अरुंद भागाची तुलना निरोगी भागाशी करावी, अडथळ्यापुढच्या फुगलेल्या भागाशी नव्हे. ही चूक फार सहज होते.

विल्यम्स सिंड्रोममध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद असू शकतात आणि भूल देताना हृदय अचानक बंद पडण्याचा धोका असतो, त्यामुळे अशा मुलांना अनुभवी बालहृदय भूलतज्ज्ञाशिवाय टेबलावर घेऊ नये.