चर्पने हँडसेट प्रोग्राम करताना या चुका टाळा

चर्प म्हणजे रेडिओ हँडसेटमध्ये चॅनेल भरायचं संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर. केबल जोडली की पहिलं काम ‘डाउनलोड फ्रॉम रेडिओ’, म्हणजे सेटमधलं सगळं संगणकावर उतरवणं. आलेली फाइल तारीख घालून सेव्ह करायची आणि तिला परत हात लावायचा नाही. चॅनेल भरायचे ते तिच्या कॉपीत. मित्राची इमेज फाइल (त्याच्या सेटमधून अशीच उतरवलेली) सरळ आपल्या सेटमध्ये ढकलणं मला अजिबात पटत नाही. तिच्यात नुसते चॅनेल नसतात, त्याच्या सेटच्या सेटिंगही असतात, आणि दोन बाओफेंग यूव्ही-५आर हँडसेटमध्येसुद्धा फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वेगळं निघतं. चॅनेलच हवेत ना? दोन्ही फाइली उघडा, तेवढ्या ओळी कॉपी-पेस्ट करा. पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्यात.

दुसरी चूक टोनची, आणि हीच सगळ्यात जास्त छळते. टोन म्हणजे बोलण्यासोबत जाणारा ठरावीक बारीक सूर; तो जुळला तरच रिपीटर, म्हणजे आपलं बोलणं पकडून लांबवर परत पाठवणारं केंद्र, उघडतो. राजारामपुरीतल्या एका नवशिक्याला रिपीटर उघडेना. रेंज कमी पडतेय म्हणून लांब अँटेना घेतली, सेट घेऊन पन्हाळ्यावर गेला. तिथंही तेच. फाइल बघितली तर ‘टोन’च्या रकान्यात १२३.० बरोबर भरलेलं, पण टोन मोड टीएसक्यूएल, म्हणजे पाठवताना आणि ऐकताना दोन्हीकडे टोन लागणारा. या मोडला ‘टोन’चा रकाना लागूच होत नाही, ‘टोन स्क्वेल्च’चा लागतो, आणि तिथं मूळचं ८८.५ तसंच होतं. सेट पाठवतोय ८८.५, रिपीटरला हवंय १२३.०. अँटेनाचे पैसे वाया.

शिवाय रिपीटर परत टोन पाठवत नसेल, तर टीएसक्यूएलवर तुमचा सेट बहिराच. म्हणून आधी मोड नुसता ‘टोन’ ठेवा, रिपीटर उघडला की मग टीएसक्यूएल करून बघा. मोड रिकामा ठेवून नुसता आकडा भरला तर काहीच जात नाही.

ऑफसेट, म्हणजे रिपीटरच्या ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, मेगाहर्ट्झमध्ये लिहायचा: ०.६, ६०० नव्हे.

‘रेडिओ प्रतिसाद देत नाही’ असं आलं की ड्रायव्हरला शिव्या देण्याआधी पिन बघा. दोन पिनांचा प्लग टक् आवाज येईपर्यंत आत गेला पाहिजे. प्लास्टिकची कड आडवी येत असेल तर ब्लेडने थोडी तासा. जोडताना सेट बंद, मग चालू, आवाज मोठा. विंडोजवर ‘कोड १०’ ही एरर दिसली तर केबलमधली प्रोलिफिक चिप नकली असण्याचा संशय धरा. एफटीडीआय चिपची केबल घ्या. लिनक्सवर स्वतःला ‘डायलआउट’ गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) घाला आणि लॉगआउट करून परत या.

चर्पमधल्या तयार याद्यांतले अमेरिकेचे एफआरएस-जीएमआरएस (तिथल्या सर्वसामान्यांच्या वॉकीटॉकीचे) चॅनेल इथं भरू नका. आपल्याकडे हॅमला, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना, १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. नुसत्या ऐकायच्या चॅनेलला ‘ड्युप्लेक्स’च्या रकान्यात ‘ऑफ’ ठेवा, म्हणजे चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं तरी सेट काही पाठवत नाही.