खरड छाटणीची काडी आणि एसटीपीचा गाळ: आडसाली उसासाठी ढीग आत्ताच लावा

एप्रिलमध्ये निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या खरड छाटणीची काडी बांधावर साचते आणि बरेच जण ती पेटवून मोकळे होतात. यंदा जाळू नका. नाशिकच्या तपोवन, आगर टाकळी, चेहेडी या मलजल शुद्धीकरण केंद्रांतून (एसटीपी) निघणाऱ्या गाळाला अशीच कोरडी, कर्ब (कार्बन) भरपूर असलेली काडीची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, लागते. आत्ता ढीग लावला, तर जुलै-ऑगस्टच्या आडसाली उसाच्या लागणीला कंपोस्ट हाताशी येतं.

पण हे खत कुठे घालायचं नाही, ते आधी ठरवा. ग्लोबल गॅप (निर्यातीसाठी लागणारं शेतीचं प्रमाणपत्र) असलेल्या बागेत मलजलाचा गाळ चालत नाही, कच्चा नाही आणि प्रक्रिया केलेलाही नाही. म्हणजे काडी द्राक्षाची असली तरी खत निर्यातीच्या बागेत परत न्यायचं नाही. कोथिंबीर, मेथी, कांदा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांपासूनही ते लांबच ठेवा. ऊस, मका, गुलाब, झेंडू यांना द्या.

गाळ उचलण्याआधी केंद्राकडून जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. कारखान्यांचं सांडपाणी मिसळत असेल तर हे फार गरजेचं. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी किलोमागे जस्त १००० मिलिग्रॅम, तांबं ३००, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५० आणि कॅडमियम ५ अशी कमाल मर्यादा आहे. कुजताना ढिगाचं वजन घटतं, धातू मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे तयार खतात त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. आपल्या काडीवर बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं) तांबंही असतं, ते विसरू नका. तयार खत पुन्हा एकदा तपासूनच शेतात न्या.

पाणी काढलेल्या गाळातही ७५ ते ८० टक्के ओलावा असतो आणि त्याचं कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, किती पट कर्ब) १० च्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. नुसता गाळ रचला तर हवा शिरत नाही, घाण वास सुटतो. एक टोपली गाळाला दोन टोपल्या काडीची कुट्टी घ्या. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. ढीग पाच फूट उंच, सात-आठ फूट रुंद ठेवा. हातमोजे, गमबूट, मास्क घातल्याशिवाय गाळाला हात लावू नका आणि पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

दोन-चार दिवसांत ढीग तापतो. साधे जिवाणू मागे पडतात, बॅसिलससारखे उष्णता सोसणारे कामाला लागतात. ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि त्या काळात किमान पाच पलट्या, एवढं झालंच पाहिजे. रोगजंतू आणि जंतांची अंडी याच उष्णतेत मरतात. बाहेरचा थर आत गेला नाही तर ती तिथे जिवंत राहतात, म्हणून पलटी टाळू नका. सळई खुपसून अंदाज घेऊ नका, लांब दांड्याचा थर्मामीटर आणा. पारा ६५ च्या पुढे गेला तर लगेच पलटी द्या, नाहीतर कामाचे जिवाणूही मरतात.

पलटी देताना डोळे चुरचुरले तर समजा, नत्र अमोनिया होऊन उडतंय. ढीग लवकर तापावा म्हणून मी एका वर्षी युरिया टाकला होता. आठवडाभर शेडमध्ये उभं राहवत नव्हतं आणि पैसा हवेत गेला. गाळात नत्र मुळातच आहे, कमी असतो तो कर्ब. वास आला की कुट्टी वाढवा.

पुढे ढीग निवतो. वीतभर खोल उकरलं की राखाडी-पांढरी, राख भुरभुरल्यासारखी बुरशी दिसते. खरं तर ते ॲक्टिनोमायसीट्स, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास त्यांचाच. पारा ४० च्या खाली आल्यावर नत्राचं नायट्रेट करणारे जिवाणू जोर धरतात. नेमका तेव्हाच जून उजाडतो आणि नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून मुरायला ठेवलेला ढीग शेडमध्ये हवा. ताडपत्री टाकली तरी बाजू उघड्या ठेवा.

स्फुरद (फॉस्फरस) उडून जात नाही, उलट ढीग बसतो तसं त्याचं प्रमाण वाढतं. पालाश (पोटॅश) मात्र गाळात कमीच, कारण ते केंद्रातच पाण्याबरोबर निघून जातं. तेव्हा उसाच्या पोटॅशच्या मात्रेत या खताच्या भरवशावर कपात करू नका.

घालण्याआधी मेथीची परीक्षा घ्या. एक भाग कंपोस्ट दहा भाग पाण्यात ढवळून गाळा, त्या पाण्याने ओल्या केलेल्या कागदावर वीस दाणे ठेवा आणि शेजारी साध्या पाण्यावर वीस. मुळं आखूड किंवा तपकिरी निघाली तर ढीग आणखी तीन आठवडे मुरू द्या आणि पुन्हा दाणे टाकून बघा.