क्लॅरिनेटचा एकच सूर कोंडतो? या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात म्हापसा-फोंड्याकडे पावसाळाभर पेटीत पडून असलेली वाद्यं बाहेर निघतात आणि ठरलेली तक्रार सुरू होते: बाकी सगळं मोकळं वाजतं, पण हा एकच सूर नाकात बोलल्यासारखा येतो.

अशा वेळी बहुतेक जण आधी रीड, म्हणजे मुखातली कंप पावणारी पातळ पट्टी, बदलतात. रीडमध्ये दोष असेल तर सगळेच सूर जड वाजतील. एकच सूर कोंडत असेल तर दोष वाद्याच्या एका ठरावीक जागी आहे, आणि ती जागा तो सूरच सांगतो. ती जागा शोधण्याआधी तेच वाद्य दुसऱ्या वादकाला वाजवायला द्या. त्याच्याकडे सूर मोकळा आला तर चाव्यांना हात लावू नका, बोटं भोकांवर नीट बसतात का ते बघा.

क्लॅरिनेटमध्ये सूर मुख्यतः बंद भोकांनंतरच्या पहिल्या उघड्या भोकातून बाहेर पडतो. त्या भोकावरचं पॅड (चावीखालची, भोक झाकणारी मऊ गादी) पुरेसं उचललं जात नसेल, किंवा भोकाच्या कडेला मळ साचला असेल, तर नेमका तोच सूर दबतो आणि किंचित उतरतोही. पावसात पॅड फुगतं, किंवा कोणीतरी चावीखाली गरजेपेक्षा जाड कॉर्क चिकटवलेला असतो. दोन्हींत उघडीप कमी होते. खालचा एफ आणि मधला सी एकाच बोटरचनेने वाजतात, फरक फक्त रजिस्टर चावीचा, म्हणजे सूर वरच्या टप्प्यात नेणाऱ्या अंगठ्याच्या चावीचा. दोन्ही कोंडले तर त्या बोटरचनेतल्या पहिल्या उघड्या भोकाकडे बघा. खालचा मोकळा आणि फक्त वरचा अडत असेल तर रजिस्टर चावीखालच्या बारीक नळीवर संशय घ्या, किंवा हवेच्या गळतीवर, कारण बारीक गळती वरच्या सुरांत आधी जाणवते.

ती नळी पुसायच्या फडक्याच्या धाग्यांनी आणि ओलाव्याने हमखास तुंबते. चावी काढून पाइप क्लीनर हळूच फिरवा. टाचणी खुपसू नका. याच नळीतून गळ्याचा, म्हणजे खालच्या रजिस्टराच्या वरच्या टोकाचा, बी फ्लॅट निघतो. तो सूर चांगल्या क्लॅरिनेटवरही थोडा दबकाच असतो, म्हणून त्यासाठी दुरुस्तीवाल्याकडे धावू नका. उजव्या हाताची एकदोन बोटं खाली ठेवून बघा, सूर बराच भरतो.

आता गळती. वरच्या जोडाची (वाद्याच्या वरच्या तुकड्याची) भोकं बोटांनी बंद करा, खालचं टोक तळव्याने झाका आणि हलकेच हवा ओढा. ओढ क्षणभर तरी टिकली पाहिजे. नाही टिकली तर सिगारेटच्या कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली ठेवा, नेहमी वाजवताना जेवढा दाब देता तेवढ्यानेच चावी मिटा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंनी सारखी अडली तर पॅड ठीक. एका बाजूने सुळकन निघाली तर गळती तिथेच. ही तपासणी करताना चावी जोरात दाबायची नाही, नाहीतर गळकं पॅडही ठीक वाटतं. सर्वांत खालच्या दोन मोठ्या पॅडना ही परीक्षा एकाच वेळी द्या. मधल्या बीला दोन्ही एकदमच मिटावी लागतात. एक जरा आधी टेकलं की दुसरं केसभर उघडं राहतं आणि बी अडखळतो.

डाव्या अंगठ्यासह दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी वाजणारा ई फ्लॅट कोंडला तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. दोन जोडांमधला पूल (दोन्हींच्या चाव्या जोडणारी पट्टी) वाकडा बसलाय का ते बघा. जोड जरासा फिरवला की बहुधा काम होतं.

पॅड चिकटतं म्हणून टाल्कम पावडर टाकू नका, तिचा लगदा होतो. पॅडला तेलही नको. यूट्यूबवर बघून पॅडकप (पॅड बसवलेली धातूची वाटी) लायटरवर तापवायचा उद्योग तर प्लास्टिकच्या वाद्यावर अजिबात नको. बँडच्या कामाला आणि गोव्याच्या दमट हवेला लाकडापेक्षा प्लास्टिकच बरं, असं माझं मत. पण आग लागली की ते वितळतं. चावी पकडीने वाकवणं हे तर दुरुस्तीवाल्याचंही शेवटचं पाऊल असतं.

दुरुस्तीला देताना नुसतं "बरं वाजत नाही" म्हणू नका. कोणता सूर, खालच्या रजिस्टरात की वरच्या, आणि पट्टी कुठल्या पॅडखालून सुटली, एवढं चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवा.