डार्विनला सुखोई नेताना: आधी अडॅप्टर

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पिच ब्लॅक या हवाई सरावासाठी सुखोई लढाऊ विमानं न्यायची, तर पासपोर्ट, लसी, उड्डाणाच्या परवानग्या कोणी विसरत नाही, त्यावर वेळ घालवत नाही. अडॅप्टर घ्या. सुखोईच्या टायरमध्ये नि ओलिओत (चाकांच्या धक्का शोषणाऱ्या दांड्यात) नायट्रोजन भरायच्या जोडण्या रशियन मापाच्या, यजमानांच्या ट्रॉलीची नळी त्यांच्या मापाची. मागच्या परदेशी सरावात यादीत 'नायट्रोजन तिथे मिळेल' असं मीच लिहिलं होतं. नायट्रोजन मिळाला, अडॅप्टर आपल्याच हँगरच्या कपाटात राहिला. पुढच्या सी-17 मालवाहू विमानातून तो येईपर्यंत दोन दिवस एक विमान उभं होतं. त्यातून जाणारा पोरगा सरावाची तयारी करून बसला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून प्रत्येक वायूसाठी एक अडॅप्टर आणि वर एक जादा, तोही पहिल्याच सी-17 मध्ये. ऑक्सिजनचे वेगळ्या सीलबंद पिशवीत ठेवा, तेलाचा हात लागता कामा नये, आग लागते. ग्राउंड पॉवरचा (जमिनीवरून विमानाला वीज देण्याचा) प्लग आणि टोबार (विमान ओढायचा दांडा) यांचंही तेच. आट्यांचं माप आणि फोटो यजमानांना आधी पाठवा. 'बसेल' असं फोनवर कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, फोटो मागा.

आता चिखल. पिच ब्लॅक 2024 मध्ये जुलैत झाला, म्हणजे पुण्यात लोहगावच्या तळावर ऐन पावसाळा. ऑस्ट्रेलियात माती, बी, गवताची काडी काही चालत नाही. चॉक (चाकांखालचे अडसर), ट्रॉलीची चाकं, बुटांचे तळवे ब्रशने घासा. लाकडी खोक्यांवर उष्णता-प्रक्रियेचा कणसाचा शिक्का हवा. तो नसेल तर खोकं तिथेच अडतं, आणि अडॅप्टर त्याच खोक्यात असेल तर काय होईल हे सांगायला नको.

हवेत इंधन भरायचं असेल तर कोणता टँकर, हे आधी विचारा. सुखोईला प्रोब (इंधन घ्यायची पुढे आलेली नळी) आहे, त्याला टँकरची नळी आणि तिच्या टोकाचा ड्रोग (टोपलीसारखी जोडणी) लागतो, बूम (टँकरचा ताठ दांडा) चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या केसी-30ए वर दोन्ही आहेत, प्रत्येक टँकरवर नसतात. जमिनीवर असो की हवेत, प्रश्न जोडणीचाच.

डार्विनची धावपट्टी नागरी विमानतळही वापरतो. ड्रॅग शूट (उतरताना वेग कमी करणारा पॅराशूट) कुठे टाकायचा आणि तो उचलायला गाडी कोणाची, हे पहिल्या लँडिंगआधी ठरवा. 2024 ला 20 देश आणि 140 हून जास्त विमानं होती, तुमच्यासाठी धावपट्टी कोणी रिकामी ठेवणार नाही. जादा शूट आणि ते घडी करणारा माणूस बरोबर हवाच.

वेळ आपल्यापेक्षा चार तास पुढे. ब्रीफिंग झुलू (जागतिक प्रमाण) वेळेत, घड्याळ लावून घ्या. इंधन लिटर, किलो की पाउंड, दर वेळी विचारा. पाणी, टोपी.

परतताना टूल काउंट (हत्यारांची मोजणी), पुन्हा धुलाई, मॅनिफेस्ट (सामानाची यादी). नायट्रोजनचे अडॅप्टर मोजा, जादा धरून.